आवेगाचे आकलन आणि धम्माचरण

मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात श्रावस्तीच्या वैदेहिका नावाच्या गृहस्वामिनीची कथा आली आहे. ही स्त्री शांत, सौम्य व विनयशील म्हणून सर्वत्र ख्यातकीर्त होती. तिच्या घरी काली नावाची दासी होती; ती कामात निपुण व दक्ष होती. एकदा कालीच्या मनात विचार आला, की आपली धनीण खरोखरच क्रोधरहित आहे, की आपले काम चोख असल्यामुळे तिचा क्रोध केवळ प्रकट होत नाही? परीक्षा पाहावी म्हणून ती एके दिवशी उशिरा उठली. वैदेहिकेच्या कपाळावर आठी पडली. पुढे ती आणखी उशिरा उठली, तेव्हा वैदेहिकेच्या तोंडून कठोर शब्द बाहेर पडले. त्याहूनही उशीर झाला, तेव्हा वैदेहिकेने दाराचा अडसर उचलून कालीच्या डोक्यात घातला. रक्तबंबाळ अवस्थेत काली शेजाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि धनिणीची कीर्ती तेथेच संपली.

अप्रिय शब्द कानी पडत नाहीत तोवर शांत दिसणारा मनुष्य खरोखर शांत असतोच असे नाही, हे भिक्खूंना समजावे म्हणून तथागतांनी ही कथा सांगितली. परंतु आम्हांस तीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वैदेहिकेची शांतता वस्तुतः कालीच्या श्रमांवर उभी होती. आणि ती भंगली तेव्हा प्रहार झाला तो प्रत्युत्तर देऊ न शकणाऱ्या दासीवर. तोच अडसर वैदेहिकेने नगरातील एखाद्या अधिकाऱ्यावर उचलला असता काय? आवेग आंधळा असतो असे आपण म्हणतो. पण कोणावर कोसळावे हे तो बहुधा अचूक ओळखतो. कार्यालयात साहेबांचे बोलणे निमूटपणे ऐकून घेणारा गृहस्थ घरी येऊन मुलाच्या पाठीत धपाटा घालतो, पत्नीवर खेकसतो आणि नंतर ‘माझा ताबाच सुटला’ अशी सबब सांगतो. हा ताबा साहेबांसमोर मात्र सुटलेला नसतो. याचाच अर्थ, आवर घालण्याची शक्ती त्याच्या ठायी आहे; ती कोठे वापरावयाची हा प्रश्न आहे.

आवेग म्हणजे विचाराचा अवसर न देता कृतीकडे खेचणारी मनाची ओढ. रागाने उगारलेला हात, अर्धाच वाचून पुढे पाठवलेला भ्रमणध्वनीवरील संदेश, ऐपत नसताना हप्त्यावर घेतलेली वस्तू, ‘आज शेवटचा’ म्हणून भरलेला पेला, ही सर्व एकाच प्रक्रियेची रूपे होत. प्रतीत्यसमुत्पादात या प्रक्रियेचा क्रम सांगितला आहे : स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. येथे वेदना या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. आजच्या मराठीत वेदना म्हणजे दुःख वा कळ. पालि भाषेत मात्र सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशा तिन्ही प्रकारच्या अनुभूतींना वेदना म्हणतात. अपमानाचा शब्द ऐकताच छातीत होणारी धडधड ही वेदना. समोरच्याच्या थोबाडीत द्यावी ही तृष्णा. पहिली आपल्या हाती नाही. परंतु पहिलीतून दुसरी अटळपणे निघालीच पाहिजे असा निसर्गनियम नाही. सतिपट्ठान सुत्तात वेदनांकडे पाहण्याचा स्वतंत्र अभ्यास सांगितला आहे तो यासाठीच. छाती धडधडत आहे, कान तापले आहेत, हे जो त्याच क्षणी जाणतो, त्याला हात उगारण्यापूर्वी क्षणभराचा अवकाश मिळतो. ओढ कितीही तीव्र असली तरी ती चढते आणि ओसरते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील आधुनिक मानसशास्त्रज्ञही सांगतात. मद्य घेतले की हा अवकाशच आक्रसतो. पाचवे शील या दृष्टीने उर्वरित चार शीलांचे कुंपण आहे.

दाबून टाकणे म्हणजे आवरणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल विचारांवर पाच उपाय दिले आहेत आणि दातांवर दात दाबून मनाला चिरडणे हा त्यांतील शेवटचा आहे. चौथ्या उपायाची उपमा फार मार्मिक आहे. घाईने चालणाऱ्या माणसाच्या मनात येते, मी एवढ्या घाईने का चालतो आहे? तो सावकाश चालू लागतो. मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. अशा पायरीपायरीने वेग उतरतो.

येथे आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात रास्त शंका येईल. शतकानुशतके ज्यांना ‘सोसा’ एवढेच सांगितले गेले, त्यांनाच पुन्हा संयम शिकवावयाचा काय? या शंकेचे उत्तर महाडच्या इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या आमच्या माणसांवर लाठ्यांनी हल्ला झाला. प्रतिकारासाठी बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहणारे लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा हजारो सत्याग्रही सिद्ध असतानाही तळ्यावर जाणे स्थगित केले गेले. मात्र त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. यात सोसणे कोठे आहे? संताप येथे विझलेला नाही. तो कोठे व केव्हा वापरावयाचा हे ठरवणारी बुद्धी जागी आहे, इतकेच.

संयम हा कुळातून येणारा ‘संस्कार’ आहे, असा समज आजही आढळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी केलेला मिठाईचा प्रयोग त्यासाठी पुष्कळदा पुढे केला जातो : जे मूल समोरची मिठाई न खाता थांबते, ते पुढे यशस्वी होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या फेरतपासणीत कुटुंबाची परिस्थिती विचारात घेताच हा संबंध बराच क्षीण झाला. २०१३ सालचा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. ज्या मुलांना आधी दिलेले वचन पाळले गेले, ती सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याबाबत ते मोडले गेले, ती केवळ ३ मिनिटे. उद्याचा भरवसा नसलेल्या मुलाने आजच खाऊन टाकणे हा त्याचा स्वभावदोष मानता येत नाही. मेंदूतील आवर घालणारी केंद्रे वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतात, हेही मुलांना ‘अविचारी’ ठरवण्यापूर्वी आठवावे. ज्यांचा आवेग आजारातून वा व्यसनातून येतो, त्यांनी अर्थातच मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

नित्याच्या आचरणासाठी आम्ही अम्बलट्ठिकेत राहुलाला केलेला उपदेश सुचवितो. आरशात मुख पाहावे तसे कर्म तीनदा पाहावे, असे तथागतांनी आपल्या पुत्राला सांगितले : करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. यांपैकी मधले पाहणे आवेगी माणसाच्या विशेष उपयोगाचे आहे. सुरू झालेले वाक्य अर्ध्यावर थांबवता येते. उचललेला हात खाली घेता येतो. त्यात हार झाल्यासारखे वाटते, म्हणून आपण ते पुरे करून टाकतो. तिसऱ्या वेळी, कृतीने वा वाणीने अकुशल घडले असल्याचे आढळल्यास ते शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सोबत्यांपुढे उघड करावे, असे सुत्त सांगते. गृहस्थाच्या बाबतीत आम्ही यात एकाची भर घालू : ज्याच्यावर हात उगारला, त्याची. भिक्खू संघात दोष प्रकट करण्याची प्रथा आहे. आठ वर्षांच्या मुलाजवळ बसून ‘माझे चुकले’ असे म्हणणारा बाप मात्र आमच्या वस्त्यांतून अजून विरळाच दिसतो.