पावसाळी वाट आणि शेतकऱ्याची मोटारगाडी

ओढ्यास पाणी आले असता जुना गाडीवान प्रथम खाली उतरे, हातातील काठीने पाण्याचा ठाव घेई आणि मगच बैल पाण्यात घाली. पायाखाली भूमी लागेनाशी झाली की बैलही आपण होऊन थबके. आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर, जीप अथवा मालवाहू टेंपो उभा असतो. यंत्राचे बळ बैलाहून कितीतरी पटीने अधिक खरे. परंतु थबकण्याची बुद्धी त्यास नाही. ती चालविणाऱ्याने आपल्या पदरची घालावयाची असते. ती न घातल्यास काय होते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

याचे मोठे उदाहरण मुंबईच्या उपनगरांनी पाहिले आहे. दिनांक 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम 73 मिलिमीटर पडला. शहराच्या दक्षिण टोकास ज्यांनी आकाश पाहिले, त्यांस उत्तरेकडील संकटाची कल्पना येणे कठीण होते. विहार व पवई तलावांचे पाणी वाहून नेणारी मिठी नदी पात्र सोडून वाहू लागली, समुद्रास भरती आली, आणि डांबरी रस्त्यांस ओढ्यांचे रूप आले. असंख्य गाड्या बुडाल्या. बंद गाडीत अडकून काही जणांनी प्राणही गमावले. पक्का रस्ता व आडवाट यांतील भेद पाऊस किती त्वरेने पुसून टाकतो, हे त्या दिवशी दिसून आले.

उपनगर म्हणजे केवळ इमारती, असे मानणे चुकीचे होईल. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे गोराई-मनोरीची गावे व खाजणे आहेत; आरेच्या पाड्यांत भातशेती होत आली आहे; आणि बोरिवली व मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. या डोंगरांतून निघणाऱ्या दहिसर, पोईसर व ओशिवरा या नद्यांची लांबी थोडी व उतार तीव्र. म्हणून त्या पाहता पाहता फुगतात. मात्र पावसाचा जोर ओसरला की अशा नद्यांचे पाणी लवकर उतरूही लागते. खाडीकाठी पावसाबरोबर ओहोटीचीही वाट पाहावी लागते, एवढाच फरक. जो काही तास थांबू शकतो, त्याची गाडी बहुधा वाचते.

आता यंत्राकडे वळू. इंजिन हवा ओढते आणि दट्ट्या ती हवा दाबतो. पेट्रोलच्या इंजिनात ती मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापर्यंत, तर डिझेलच्या इंजिनात सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या नळीतून थोडे जरी पाणी सिलिंडरात शिरले तरी दट्ट्या मध्येच अडतो, आणि मागून येणाऱ्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा मोडतो. डिझेलच्या इंजिनात जागा कमी असल्याने हा धोका अधिक.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा चालू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पहिल्या वेळी इंजिन बंद पडले असता कित्येकदा आतील भाग शाबूत असतात. चालकाने घाईने चाबी फिरविली म्हणजे ते मोडतात. बॅटरीची तार सोडवावी, गाडी ओढून कोरड्या जागी न्यावी आणि जाणत्या कारागिराकडून सिलिंडरांतील पाणी काढवून घ्यावे. आसाच्या पेटीकडेही लक्ष असावे. तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतील हवा आकसते व बाहेरचे पाणी आत ओढले जाते. तेलास दुधासारखा रंग आला असेल तर ते तत्काळ बदलावे. पाणी खाडीचे असल्यास सर्व गाडी गोड्या पाण्याने धुवावी. नाहीतर गंज चढण्यास वेळ लागत नाही.

चिखलात चाक जागीच फिरू लागले की वेग वाढविण्यात अर्थ नसतो. चाक अधिकच खोल जाते. चाकापुढील माती काढून फळ्या, दगड अथवा पेंढा घालावा. चाकांतील हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते. पक्क्या रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी. वाहते पाणी एक फूट असले तरी लहान गाडी उचलली जाऊ शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते, हे ध्यानात ठेवावे.

विम्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. कायद्याने सक्तीचा असलेला विमा केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. स्वतःच्या गाडीसाठी वेगळा घ्यावा लागतो. त्यात पुराचा समावेश असला तरी पाण्यात इंजिन पुन्हा चालू केल्यामुळे झालेली मोडतोड विमा कंपन्या पुष्कळदा नाकारतात. इंजिनाच्या संरक्षणाचे जादा कलम आपल्या कागदांत आहे की नाही, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच पाहावे.

हौसेने चिखलातून जीप हाकण्याची आवड अलीकडे वाढली आहे. हौसेस आमचा विरोध नाही. पण ओल्या वावरात चाक घातल्याने माती घट्ट दबते, बांध खचतो, आणि चाकोरीतून पाणी धावू लागले की सुपीक थर त्याबरोबर जातो. गाडीची दुरुस्ती पैशाने होते, वाहून गेलेली माती परत येत नाही. शेतकऱ्याने आपल्या वावरातून अशी वाट पडू देऊ नये, आणि हौशी मंडळींनीही मालकाच्या अनुमतीवाचून ती पाडू नये.

ज्या कुटुंबाचा माल एकाच गाडीने बाजारात जातो, त्याची गाडी ऐन हंगामात महिनाभर उभी राहिली तर कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यापेक्षा बाजाराचा एक दिवस बुडालेला परवडला. हा हिशेब प्रत्येक शेतकरी बंधूने पाण्यात चाक घालण्यापूर्वीच मांडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.