अकरावीचे विषय आणि वेळापत्रकाची चौकट

दहावीची गुणपत्रिका हाती पडल्यापासून अकरावीचा पहिला तास भरेपर्यंतच्या काळात कोल्हापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या कचेऱ्यांतून जे काम अव्याहत चालू असते, ते बाहेरून पाहणाऱ्यास निव्वळ कारकुनी वाटावे असेच आहे: दाखले तपासावयाचे, शुल्काच्या पावत्या फाडावयाच्या, नोंदवहीत नावे चढवावयाची, मुदत संपण्यापूर्वी प्रवेश निश्चित करावयाचा. परंतु याच कामाच्या पोटात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या आयुष्यातील एक मोठा निर्णय, एका छापील अर्जावरील चार-पाच चौकोनांत खुणा करून, पुष्कळदा दहा मिनिटांच्या आत उरकला जातो. शहरातील एका महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी आणि पुढे तेथील वेळापत्रकाच्या खोलीत बसून हे सारे मला जवळून पाहता आले. आणि जो विचार तेव्हा मनात ठसला तो असा की, मुलाने काय शिकावे हे त्याची आवड व त्याचे गुण जितके ठरवितात, तितकेच ते भिंतीवर लागणारा तासिकांचा तक्ताही ठरवितो, आणि ही गोष्ट पालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अर्जाचा पहिला टप्पा आता संगणकावर पार पडतो. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती असलेली केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून सबंध राज्याला लागू झाली, आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्यालाही शाखा व महाविद्यालय यांचे पसंतीक्रम एकापासून दहापर्यंत भरून द्यावे लागले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय वाट्यास आले तर तेथेच प्रवेश घेणे भाग असते. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहावे यावर घरोघरी जी खलबते चालतात, ती निवडणुकीच्या उमेदवारीसाठीही चालत नसतील. मात्र या साऱ्या यंत्रणेतून ठरते ती शाखा आणि ठरते ती संस्था. विषयांचा तपशील ठरतो तो खिडकीपाशीच.

त्या खिडकीपाशी राधानगरीच्या बाजूच्या एका गावाहून आलेली एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. अर्जावर इंग्रजी अनिवार्य म्हणून आधीच छापलेले होते. त्याखाली मराठी, हिंदी की आयटी असा पर्याय, मग भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, आणि त्याखाली गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही. शेजारीच बायफोकलचा रकाना होता. 200 गुणांचा तो व्यवसायविषय घेणाऱ्यास दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, हे तेथील शिक्षक प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगत होते.

"पोरीला डाक्टर व्हायचंय म्हणती," वडील म्हणाले. "मग गणित कशाला ठेवायचं, सर? सोडलं तर तेवढाच बोजा कमी."

"सोडता येईल," सर म्हणाले. "पण बाळ, तुझं तू सांग."

"गणित आवडतं मला, सर. दोन्ही ठेवले तर चालतील का?"

सरांनी तिला सारे नीट उलगडून सांगितले. वैद्यकीय शिक्षणाकडे जावयाचे तर जीवशास्त्र हवे, अभियांत्रिकीकडे जावयाचे तर गणित हवे. दोन्ही ठेवले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, पण दोन वर्षे अभ्यासाचा भार वाढतो आणि जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी दुपारी थांबावे लागते. एवढे सांगून त्यांनी एकदम विचारले, "गावाला शेवटची गाडी कितीची?" त्या प्रश्नाचा विषयनिवडीशी काय संबंध, हे वेळापत्रकाच्या खोलीत गेल्यावाचून उमगण्यासारखे नव्हते.

ती खोली म्हणजे ग्रंथालयामागची एक लहानशी जागा. मेजावर मोठा कागद पसरलेला, त्यावर आठवड्याचे सहा दिवस आडवे आणि दिवसाच्या आठ तासिका उभ्या आखलेल्या. म्हणजे प्रत्येक तुकडीच्या वाट्याला अठ्ठेचाळीस घरे. पेन्सिलीने भरलेली, खोडलेली, पुन्हा भरलेली. संगणकावर हे काम करून देणाऱ्या प्रणाली आहेत आणि अंतिम तक्ता संगणकावरच छापला जातो. पण पहिली जुळणी कागदावर केल्याशिवाय पर्यवेक्षकांचे समाधान होत नव्हते. भरण्याचा त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. सर्वांत आधी बसवावयाची ती प्रात्यक्षिके, कारण त्यांना सलग तासिका लागतात, प्रयोगशाळा मोजक्या असतात, आणि एका तुकडीच्या अनेक बॅच पाडाव्या लागतात. त्यानंतर भाषा. मराठी, हिंदी आणि आयटी यांचे तास एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावयाचे, म्हणजे तुकडी फुटली तरी कोणी मोकळे राहत नाही. बायफोकलच्या मुलांना दुसरी भाषा नसते, तेव्हा त्यांच्या कार्यशाळेची तजवीज याच घरांत करावयाची. नंतर येतात तासिका तत्त्वावरचे शिक्षक, जे दुसऱ्या एखाद्या संस्थेतही शिकवीत असल्यामुळे ठरावीक वारीच हजर राहू शकतात. उरलेल्या घरांत बाकीचे सारे.

गणित आणि जीवशास्त्र यांचा पेच मात्र या साऱ्याहून निराळा आहे. ज्यांनी गणित सोडले ते आणि ज्यांनी जीवशास्त्र सोडले ते, असे दोनच गट असते, तर हे दोन विषय समांतर ठेवून आठवड्यातील कितीतरी घरे वाचविता आली असती. पण दोन्ही विषय घेणारी दहा मुले जरी तुकडीत असली, तरी ते विषय एका तासिकेत येऊ शकत नाहीत. त्या दहांसाठी सबंध तुकडीचा दिवस लांबतो, गणित सोडलेल्याला मधेच एक तास मोकळा बसावे लागते, आणि प्रात्यक्षिकांची शेवटची बॅच दुपार उलटल्यावर सुरू होते. म्हणूनच दोन्ही विषय मागणाऱ्या मुलाला "कशाला उगाच भार?" असे सुचविण्याकडे पुष्कळ ठिकाणी कल असतो, आणि तो सल्ला मुलाच्या हिताचा आहे की तक्त्याच्या सोयीचा, हे देणाऱ्यालाही प्रत्येक वेळी निश्चित सांगता येईल असे मला वाटत नाही.

वाणिज्य शाखेची जुळणी तुलनेने सरळ. पुस्तपालन आणि लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे विषय सर्वांना समान. चिटणिसाची कार्यपद्धती आणि गणित यांची विभागणी एकाच तासिकेत दोन खोल्यांत होते. येथे माझे लक्ष गेले ते निराळ्याच विषयाकडे. मंडळाच्या यादीत 'सहकार' हा विषय आहे. ज्या जिल्ह्यात साखर कारखाने सहकारातून उभे राहिले, ज्याच्या दूधसंघाची, 'गोकुळ'ची, स्थापना 1963 साली झाली आणि ज्याच्या गावोगावी सेवा सोसायटीचे दप्तर आहे, त्या जिल्ह्यातील मुलाला हा विषय शिकावासा वाटला, तर त्यासारखी स्वाभाविक इच्छा कोणती? पण पुरेशी मुले जमल्याशिवाय तासिका नाही, तासिकांशिवाय शिक्षकाचा कार्यभार नाही आणि कार्यभाराशिवाय शिक्षक नाही. शिक्षक नाही म्हणून विषय अर्जावर छापला जात नाही आणि छापला नाही म्हणून कोणी मागत नाही. हे चक्र कोणीतरी एका वर्षी, थोड्या मुलांनिशी का होईना, तोडले पाहिजे.

आता शेवटच्या गाडीविषयी. शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांत करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांतून रोज एसटीने येणारी मुले फार मोठ्या संख्येने असतात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास विनामूल्य मिळतो, आणि त्या पासाने या जिल्ह्यातील मुलींच्या शिक्षणाला जो आधार दिला आहे तो थोर आहे. पण पास असला तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटते. प्रात्यक्षिकाची बॅच पाचला सुटणार आणि गावाची गाडी साडेचारला जाणार, असे झाले की मुलगी जीवशास्त्र सोडत नाही, ती प्रात्यक्षिके चुकवू लागते, आणि मग आईवडील म्हणतात की हिला सायन्स झेपत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून प्रारंभ करून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी या शहरात वसतिगृहांची मालिका उभी केली, ती शिक्षणाची सोय म्हणजे केवळ वर्गातील जागा नव्हे, हे ओळखूनच. राजाराम कॉलेज 1880 सालचे. पण त्या कॉलेजाच्या दारापर्यंत खेड्यातील मूल पोचावे आणि तेथे टिकावे, याची व्यवस्था बोर्डिंगांनी केली.

गाडीच्या वेळेप्रमाणेच विषयनिवडीत गुणांचा हिशेबही असतो. हायस्कुलात आठवीच्या वर्गात संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी की दोहोंचा संयुक्त विषय, हा निर्णय पुष्कळदा गुण कशात अधिक पडतात एवढ्यावरच होतो; अकरावीत त्या हिशेबाला खासगी क्लासच्या वेळेची जोड मिळते, आणि क्लासच्या बॅचला सोयीची पडेल अशी तुकडी मिळावी म्हणून अर्ज येतात. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, विज्ञान आणि वाणिज्य यांमधील कडक भिंती नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि माझे मन त्या विचाराशी पूर्ण सहमत आहे. पण भूगोल मागणारा विज्ञानाचा विद्यार्थी किंवा गणित मागणारी कलाशाखेची विद्यार्थिनी, यांना मंडळाचे नियम आडवे येण्यापूर्वीच तक्ता आडवा येतो. तेव्हा आरंभ तक्त्यापासूनच करावयास हवा. प्रवेशाच्या नोंदवहीत जसा घेतलेल्या विषयांचा रकाना असतो, तसाच मागितलेल्या परंतु न मिळालेल्या विषयांचाही एक रकाना असावा, आणि त्याशेजारी विद्यार्थ्याचे गाव व गाडीची वेळ लिहिलेली असावी. पुढील जूनमध्ये पहिली पेन्सिल कागदावर टेकविण्यापूर्वी पर्यवेक्षकांच्या हाती ही यादी असली, तर प्रात्यक्षिकांच्या बॅच आडनावांच्या वर्णानुक्रमाने न पाडता गाड्यांच्या वेळांप्रमाणे पाडता येतील, दूरच्या मुली सकाळच्या बॅचमध्ये आणि शहरातील मुले दुपारच्या बॅचमध्ये बसतील. त्या महाविद्यालयात राधानगरीकडच्या त्या मुलीसाठी हेच केले गेले. तिच्या अर्जावर गणित आणि जीवशास्त्र या दोन्ही चौकोनांत खूण झाली, आणि समासात सरांनी पेन्सिलीने 'सकाळची बॅच' असे लिहून ठेवले.