ओट्याला रंग देण्याआधी



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घरापुढच्या सिमेंटच्या ओट्याकडे नजर जाते. झाडलं की भुकटी निघते, पावसाळ्यात शेवाळ धरतं. मग बाजारातून ऑइलपेंटचा डबा येतो आणि ओटा लालभडक होतो. दिवाळीला छान दिसतो, पण पुढच्या पोळ्यापर्यंत त्याचे पापुद्रे निघू लागतात. असं का होतं?

सिमेंटचा कोबा वरून घट्ट दिसला तरी त्याला बारीक छिद्रं असतात. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि हवेत निघून जाते. तेलाच्या रंगानं ही वाट बंद केली, की अडकलेली ओल रंगच उचलते. सिमेंटमधला चुनाही तेलाला खातो. आणि गुळगुळीत रंगावर पावसाचं पाणी पडलं म्हणजे आजीचा पाय घसरलाच समजा. खुब्याचं हाड मोडलं, तर तो डबा केवढ्याला पडेल?

म्हणून आधी परीक्षा करा. कोरड्या दिवसांत हातभर प्लॅस्टिकचा कागद ओट्यावर अंथरा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदाखाली ओल दिसली, तर पाणी जमिनीतून येतंय. अशा ओट्यावर कुठलाच रंग टिकायचा नाही. आधी पागोळ्यांचं आणि न्हाणीचं पाणी ओट्यापासून लांब काढा.

कागदाखाली कोरडं असेल आणि नुसती भुकटी निघत असेल, तर सोडियम सिलिकेट वापरून पाहा. ते द्रव रूपात मिळतं. ओटा तारेच्या ब्रशानं घासून धुवा, पुरता वाळू द्या. १ भाग औषध, ४ भाग पाणी असं मिश्रण करून ब्रशानं लावा. एकेक दिवस सोडून असे ३ हात द्या. प्रत्येक हात वाळला, की साध्या पाण्यानं धुऊन घ्या. सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून ते छिद्रांतच घट्ट बसतं. वर थर राहत नाही, त्यामुळे पापुद्रेही निघत नाहीत. चकाकी येणार नाही, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा! लावताना हातमोजे घाला, डोळे जपा.

ओटा नव्यानंच करायचा असेल, तर गवंड्याला चकचकीत घोटू देऊ नका. लाकडी थापी फिरवून वरून झाडू हलका ओढायला सांगा. ४ फूट रुंदीला अंगणाच्या बाजूनं १ इंच उतार ठेवा. १० दिवस ओला ठेवा, आणि २८ दिवस होईपर्यंत काही लावू नका.

अमोनियम सल्फेटच्या गोण्या मात्र ओट्यावर टेकवू नका. सांडलेलं खत ओल धरतं आणि कोबा पोखरतं. मिठाचंही तेच. सांडलंच तर आधी कोरडं झाडून घ्या, मग भरपूर पाणी ओता.