विश्लेषण : मुलाचा खेळ पाहून टॅबलेट ओळखेल विकासातील अडचण?

अडीच वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही. घरचे म्हणतात, ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ मोलमजुरी करणाऱ्या आईला तज्ज्ञाकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि बालविकासतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच असतात. अशी दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. उपचारांचा सर्वाधिक उपयोग मात्र याच वर्षांत होतो. म्हणूनच तपासणी वस्तीत, घरात नेण्याचे प्रयोग सुरू आहेत.

काय आहे ‘स्टार्ट’ ॲप?

ब्रिटनमधील संशोधक आणि मूळची गोव्याची ‘संगाथ’ ही संस्था यांनी मिळून हे ॲप तयार केले. दिल्ली परिसरात त्याची चाचणी झाली. प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला कार्यकर्ता टॅबलेट घेऊन घरी जातो. मूल पडद्यावरचे फुगे फोडते, चित्र रंगवते. त्याची नजर माणसांच्या चेहऱ्याकडे वळते की हलत्या आकृत्यांकडे, हे कॅमेरा टिपतो. पालकांना प्रश्न विचारले जातात, आई-मुलाच्या खेळाचे चित्रीकरणही होते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ते ७ वयोगटातील १३१ मुले होती. विकासात अडचण असलेली आणि नसलेली मुले ॲपने ८६ टक्के अचूकतेने वेगळी ओळखली. स्वमग्नता (ऑटिझम) आणि बौद्धिक अक्षमता यांतील फरक ओळखण्याची अचूकता ७८ टक्के होती.

८६ टक्के म्हणजे पुरेसे?

आकडा मोठा वाटतो, पण इथे थोडे थांबायला हवे. अभ्यासातील बहुतेक मुलांना अडचण असल्याचे आधीच माहीत होते. वस्तीत चित्र उलटे असते. समजा, १००० मुलांपैकी ५० जणांना खरी अडचण आहे आणि ॲप दोन्ही बाजूंनी ८६ टक्के बरोबर आहे. मग ५० पैकी ४३ मुले सापडतील, ७ सुटतील. उरलेल्या ९५० पैकी १३३ मुलांवर मात्र विनाकारण लाल खूण येईल. म्हणजे एकूण १७६ ‘लाल’ मुलांत खरी अडचण फक्त ४३ जणांना, चौघांत जेमतेम एकाला.

म्हणून ॲप वाया गेले असे नाही. हजार मुले तज्ज्ञाकडे नेणे शक्य नसते, १७६ नेता येतात. पण त्या खुणेला ‘निदान’ समजून आईच्या हाती चिठ्ठी दिली, तर तीन घरांत उगाच रडारड होईल. आणि ॲप ‘ठीक’ म्हणाले तरी आईची शंका कायम असेल, तर तिची शंका मोठी मानावी.

लाल खूण आली, पुढे काय?

खरी कसोटी इथे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तिथे तारीखच सहा महिन्यांनंतरची मिळणार असेल, तर ॲपने वाचवलेला वेळ रांगेतच जाईल.

कामाचा बोजा हाही मुद्दा आहेच. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजीतील ॲप यांना कंटाळून २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. नवे ॲप देताना हे विसरून चालणार नाही.

पालकांनी काय पाहावे?

• वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नाही किंवा बडबडत नाही
• १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
• दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही
• येत असलेले शब्द किंवा हावभाव कोणत्याही वयात नाहीसे झाले

यांपैकी काहीही दिसले, तर ॲप येण्याची वाट न पाहता अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा आणि पथकाची पुढची तारीख विचारा. आधी कानांची तपासणी करून घ्या. ऐकूच न येणारे मूलही बोलत नाही आणि हाकेला वळत नाही.