ज्योत, निखारा आणि पाणी

लाकडाची ज्योत म्हणजे जळणारे लाकूड नव्हे. तो लाकडातून निघालेला वायू असतो. चूल पेटवताना हे स्पष्ट दिसते. ढलपी आधी नुसती धुमसते. ओल निघून गेली की २५०-३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास लाकडाचे रेणू तुटू लागतात आणि सुटलेला वायू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पेटतो. ज्योतीची थोडी धग परत लाकडावर पडते, त्यातून आणखी वायू सुटतो. एकटे लाकूड चटकन विझते आणि दोन जवळ सारली की भडकतात, ते यामुळेच: दोन्ही एकमेकांची धग राखतात. वायू संपल्यावर उरतो तो कोळसा. तो मात्र पृष्ठभागावरच, ज्योतीशिवाय जळतो. तोच निखारा.

पेट्रोलला तापवावे लागत नाही. त्याची पेटण्याजोगी वाफ कडाक्याच्या थंडीतही सुटत असते. रॉकेल त्या मानाने मंद, म्हणून त्याला वात लागते.

इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता यांच्या जोडीला ज्योतीत एक रासायनिक साखळीही चालू असते. यांतले काहीही एक तोडले की आग विझते. पाणी उष्णता पळवते, आणि त्याचे खरे बळ वाफ होण्यात आहे: साधे पाणी उकळीला आणायला लागते तिच्या सहापटीहून जास्त उष्णता त्याची वाफ व्हायला लागते. म्हणून बारीक फवारा जाड धारेपेक्षा कमी पाण्यात अधिक उष्णता शोषतो.

पण कढईतले तेल पेटले तर पाणी घातक ठरते. तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जाते, क्षणात सुमारे १,७०० पट फुगून वाफ होते आणि जळते तेल स्वयंपाकघरभर उडवते. तिथे गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि तेल निवेपर्यंत काढू नये; तापलेले तेल हवा लागताच पुन्हा पेटते. कोरड्या पावडरीच्या अग्निशामक नळकांड्याचा हाच उणेपणा आहे. पावडर साखळी तोडते, पण वस्तू थंड करत नाही.

कापसाची आग फार चिवट. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी सहजी शिरत नाही आणि आतल्या धुमसण्याला थोडाच ऑक्सिजन पुरतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी अशाच पेटल्या. त्याच जहाजात स्फोटकेही होती. बंबवाले पाणी मारत राहिले, तरी आग आटोक्यात आली नाही आणि दुपारी चारनंतर जहाज फुटले. त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.