दशरथाच्या घरची मराठी माणसं

अकलूजमध्ये लावणी आणि वारी गुण्यागोविंदाने नांदतात. आषाढीच्या वाटेवर सराटीला नीरास्नान झालं की तुकोबांच्या पादुका या गावात येतात आणि गोल रिंगण रंगतं. याच गावाने राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरवून घुंगरांना मानाचा रंगमंच दिला. म्हणूनच रामानंद सागर यांच्या ‘रामायण’मधल्या एका पात्रनिवडीचं मोल अशा गावाला इतरांपेक्षा अधिक कळावं. प्रभू रामचंद्रांची आई झाली होती तमाशापटांची लाडकी नायिका, जयश्री गडकर.

२५ जानेवारी १९८७ला मालिका सुरू झाली. ठरले होते ५२ भाग, पण लोकाग्रहामुळे ते ७८ झाले. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली होती आणि उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम ती गावोगाव पोहोचवत होती. मुंबई दूरदर्शनचे ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ हे मराठी कार्यक्रम म्हणजे मुख्यतः मुंबई-पुण्याच्या घरांची पुंजी. तालुक्याच्या गावांत मात्र अनेकांच्या टीव्हीच्या पहिल्या आठवणी हिंदी आहेत. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, संचाला हार घातला जायचा, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर अख्खी आळी जमायची.

ती हिंदी अयोध्या मात्र आतून बरीचशी मराठी होती. चित्रीकरण चालायचं महाराष्ट्राच्या वेशीला लागून असलेल्या गुजरातमधल्या उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत. दशरथ झाले होते बाळ धुरी. ते जयश्रीबाईंचे खऱ्या आयुष्यातले पती. रामाच्या विरहाने कौसल्येच्या महालात दशरथ प्राण सोडतो, तो प्रसंग हे जाणून पुन्हा पाहावा. समोरासमोर उभे असतात संसार केलेले नवरा-बायको, आणि अभिनय करायचा असतो ताटातुटीचा. भरत होते संजय जोग, तेही मराठीच.

जयश्रीबाईंचं नाव झालं ते अनंत माने यांच्या १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’मुळे. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा चित्रपट सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. त्यातली आशा भोसले यांच्या आवाजातली बुगडीची लावणी जयश्रीबाईंवर चित्रित झाली आहे. ती लिहिली गदिमांनी, आणि १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून घराघरांत गेलेलं ‘गीतरामायण’ही त्यांचंच. एकाच माणदेशी लेखणीतून शृंगारही आला आणि रामकथाही. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तीच मोकळीक प्रेक्षकांनी जयश्रीबाईंना दिली. तंबूतल्या सिनेमात ज्यांनी त्यांच्या ठेक्याला शिट्ट्या मारल्या असतील, त्यांच्याच पिढीने कौसल्येपुढे हात जोडले. आणि कैकेयी? त्या पद्मा खन्ना, ‘जॉनी मेरा नाम’मधल्या नृत्याने गाजलेल्या. दशरथाच्या या दोन्ही राण्यांनी नाव कमावलं होतं ते नाचून.

मंथरेच्या भूमिकेत होत्या येवल्याच्या ललिता पवार. मूकपटापासून काम करत आलेल्या या बाईंनी तेव्हा सत्तरी गाठली होती. त्यांचा तो बारीक झालेला डावा डोळा मेकअपचा नव्हता. १९४२मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड प्रमाणाबाहेर जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डोळा कायमचा अधू राहिला. नायिका म्हणून उभी राहिलेली कारकीर्द तिथेच तुटली. पुढे त्यांनी खाष्ट सासवा अशा रंगवल्या की सासू म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे यावा. कैकेयीचे कान भरताना मंथरा तो डोळा किंचित मिचकावून बोलते, तेव्हा पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती इजा अभिनयाच्या कामी येत असते. जिद्द म्हणतात ती हीच.

टीव्हीचा इतिहास मांडताना ‘रामायण’ हिंदीच्या खात्यात टाकून मोकळं होण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यामुळे या कलावंतांवर अन्याय होतो, कारण खेड्यापाड्यांतल्या लाखो मराठी घरांना टीव्हीवर ते भेटले ते याच मालिकेतून.

मालिका संपली तरी कथा पुढे हवी, असा प्रेक्षकांचा आग्रह होता. तेव्हा सागर यांनी उत्तररामायण काढलं. त्यातला कुश होता स्वप्नील जोशी नावाचा मुंबईचा मराठी मुलगा. पुढे सागर यांच्याच मालिकेत तो कृष्ण झाला आणि मोठेपणी ‘दुनियादारी’सारख्या मराठी सिनेमांचा नायक. लवाची भूमिकाही मयूरेश क्षेत्रमाडे या मराठी मुलानेच केली.