शहागंजच्या हमालाचा मालक कोण? माथाडी मंडळ असं चालतं

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या बाजारात रोज माल उतरतो. हमाल आज एका दुकानाचं पोतं उचलतो, उद्या दुसऱ्याचं. मग त्याने पीएफ, बोनस मागायचा कोणाला?

हीच अडचण ओळखून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाडींची चळवळ होती. कायद्यानुसार दुकानदार आणि हमाल, दोघांचीही माथाडी मंडळात नोंदणी होते. दुकानदार मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मजुरी हमालाला मिळते. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखान्याची सोय होते. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी असतात.

लेव्हीमुळे खर्च वाढतो, ही व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण दर आधीच ठरला की गाडी दारात उभी करून घासाघीस होत नाही. आणि हमालाची पाठ गेली की म्हातारपणाचा भार गावाकडच्या दोन एकरांवर पडत नाही.

पण नोंदणी नसेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. गावाकडून येऊन हमाली करत असाल, तर आधी विचारा : दुकान नोंदलेलं आहे का? आपलं नाव मंडळात आहे का? मजुरी कुठे जमा होते?